धीर उसना मिळत नाही

कोणी भाकरी थापत असाल, कोणी जनावरांचं आवरत असाल, तिथूनच जरा रेडिओचा आवाज मोठा करा. आजचं बोलणं दहावीच्या परीक्षेचं आहे. ज्यांच्या घरात दहावीचं लेकरू आहे त्यांच्यासाठी तर ते आहेच, पण ज्या बाया स्वतः यंदा परीक्षेला बसणार आहेत त्यांच्यासाठी जास्त आहे. आमच्या बचत गटात अशा तिघी आहेत. तिघींनी १७ नंबरचा फॉर्म भरलाय. त्यातली एक आणि तिची मुलगी, दोघी एकाच वर्षी बसणार आहेत. घरात पुस्तकांचा एकच संच आहे आणि रात्री त्याच्यावरून मायलेकींची भांडणं होतात.

पण आधी गेल्या वर्षीची गोष्ट सांगायला हवी. आमच्या गटातली एक वहिनी. वय छत्तीस. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तिने फॉर्म भरला, वर्षभर रात्री जेवणं उरकल्यावर अभ्यास केला. पहिला पेपर मराठीचा होता. ती वेळेच्या बरीच आधी केंद्रावर पोहोचली. फाटकावरच्या माणसाने सहज विचारलं, "पोरीला सोडायला आलायसा का? पालकांनी बाहेर थांबायचं." त्याच्या मनात वाईट काही नसेल. पण शेजारच्या दोन मुली हसल्या. वहिनीच्या पिशवीत हॉल तिकीट होतं, ते तिने बाहेर काढलंच नाही. तशीच मागं फिरली आणि मिळेल त्या गाडीने घरी आली.

संध्याकाळी गटाच्या मीटिंगला ती म्हणाली, "मला सगळं येत होतं गं. पण तिथं माझी मीच मला दिसाय लागले. ह्या वयात हिथं काय करतीया मी, असं झालं अन् पाय मागं वळले."

आम्ही तिच्यावर रागावलो नाही. राग आला तो स्वतःचा. आम्ही तिला पुस्तकं आणून दिली होती. फॉर्मच्या फीसाठी गटातून अंतर्गत कर्ज दिलं होतं. गणित शिकवायला गावातल्या बीएस्सीच्या मुलाला तयार केलं होतं. पण त्या फाटकापर्यंत तिच्याबरोबर कोणी गेलं नव्हतं. धीर काय, तो माणसाच्या अंगात असतो नाहीतर नसतो, असंच आम्ही धरून चाललो होतो.

तेव्हापासून आमच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. आपल्या आधीची माणसं परीक्षेला कशी सामोरी गेली असतील? आम्ही वाचनालयातली चरित्रं काढली, मीटिंगमध्ये थोडी थोडी वाचली. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

परीक्षा आपल्याकडे नेहमी आजच्यासारखी नव्हती. जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत पोरं पाढे म्हणायची, पाठांतर म्हणून दाखवायची. जे यायचं ते तोंडी आणि सगळ्यांसमोर. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, त्यानंतर आणखी शाळा निघाल्या. या शाळांतल्या मुलींच्या परीक्षाही लोकांसमोर घेतल्या जायच्या. १८५३ सालची परीक्षा पाहायला तर माणसांची मोठी गर्दी झाली होती. डोळ्यांसमोर आणा. मुलगी शिकली तर घर बुडेल असं म्हणणारं गाव, आणि त्याच गावापुढे आठ-दहा वर्षांची पोर उभी राहून वाचून दाखवतेय. एखादा शब्द अडखळला तर तो तिच्या एकटीचा अडखळला नसता. "बघा, मुलींना जमत नाही" असं म्हणायला लोक टपलेलेच होते. तरी त्या मुली उभ्या राहिल्या. त्या एकेकट्या नव्हत्या, मागे सगळी शाळा होती आणि शिकवणारी बाई समोर होती.

मग आली लेखी परीक्षा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं. १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या परीक्षेत पास झालेल्यांपैकी एक. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बीए बाहेर पडले, त्यातही ते होते. या नव्या परीक्षेची रीत वेगळी होती. सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ, एकच नियम. नावाच्या जागी नंबर.

या नंबरात एक मोठी चांगली गोष्ट आहे, ती आपण विसरतो. पेपर तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचं तोंड दिसत नाही. साडी दिसत नाही, जात दिसत नाही, वय दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त उत्तर असतं. आपल्यासारख्यांना, ज्यांना आयुष्यभर लोकांनी तोंड बघून जोखलं, त्यांना ही रीत फायद्याचीच आहे.

पण याच रीतीतून भीतीही आली. सरकारी नोकरी, कचेरीतली जागा, पुढचं शिक्षण, सगळं त्या एका कागदाला बांधलं गेलं. 'मॅट्रिक झाला' म्हटलं की लग्नाच्या बाजारात भाव वाढायचा आणि 'मॅट्रिक नापास' हा शिक्का माणसाच्या नावामागे आयुष्यभर चालायचा. पुढे १९७५ पासून अकरावीच्या जागी दहावीची परीक्षा आली, पण शिक्क्याची भीती तशीच राहिली. म्हणजे आपल्या पोटात येणारा गोळा हा आपला एकटीचा नाजूकपणा नाही. तीन तासांवर इतकं ओझं टाकल्यावर कोणाच्याही पोटात गोळा येणारच.

आता एक गोष्ट आपल्या साताऱ्याची. कोकणातल्या मुरूड गावचा एक मुलगा होता, धोंडो केशव कर्वे. हेच पुढचे महर्षी कर्वे. त्या काळी मराठी सहावीची एक परीक्षा असायची, तिला पब्लिक सर्व्हिस परीक्षा म्हणत. ती पास झालं की शाळामास्तराची किंवा कचेरीतली लहान नोकरी मिळायची. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण लागत. १८७५ साली धोंडोपंतांची सतरा पूर्ण झाली होती. परीक्षा साताऱ्याला होती. मुरुडाहून सातारा शंभर मैलांहून जास्त, मध्ये सगळा सह्याद्री. पोरं पायी निघाली. घाट चढून, रानातून, पाय सुजवून साताऱ्याला पोहोचली.

तिथे परीक्षा समितीचे अध्यक्ष होते, त्यांनी या मुलाकडे पाहिलं. अंगाने किरकोळ, उंचीने कमी. तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, म्हणाले, आणि त्याला बसू दिलं नाही.

हे आम्ही मीटिंगमध्ये वाचलं तेव्हा सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. त्याला लहान दिसतोस म्हणून परत पाठवलं, हिला मोठी दिसते म्हणून विचारलं. वहिनी म्हणाली, "अगं, पर त्याला परत पाठवलं. मला कुणी पाठवलं नव्हतं, मीच आले." आम्ही त्यावर काही बोललो नाही. खरंच होतं ते.

धोंडोपंत तसेच पायी परत गेले. पुढे त्यांनी तीच परीक्षा कोल्हापुरातून दिली आणि पास झाले. मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचं वय तेवीस होतं. वर्गातली बाकीची पोरं त्यांच्याहून कितीतरी लहान असणार. बीए झाले १८८४ मध्ये. कर्वे स्वभावाने धीट होते असं मुळीच नाही. आपण फार लाजाळू आणि भित्रे होतो, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. याच लाजाळू माणसाने पुढे स्वतः विधुर असताना विधवेशी लग्न केलं, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ काढलं. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, तेव्हा ते शंभर वर्षांचे होते.

सतराव्या वर्षी साताऱ्याच्या त्या दारातून परत फिरताना त्या मुलाला काय वाटलं असेल? रडू आलं असेल. लोक काय म्हणतील असं वाटलं असेल. पण दारातून परत येणं हा त्याचा निकाल ठरला नाही, कारण तो पुन्हा दुसऱ्या दारात गेला. आत्मविश्वास म्हणजे 'मी पास होणारच' असं छातीठोक सांगणं, असा आमचा समज होता. कर्व्यांची गोष्ट वाचल्यावर आम्हाला वाटतं, 'नाही झालं तर मी पुन्हा येईन' एवढं मनाशी ठरलेलं असलं तरी पुष्कळ धीर येतो.

आता त्याच १८७५ सालची दुसरी गोष्ट. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या पोस्टमास्तरांच्या मुलीला मॅट्रिकला बसायचं होतं. विद्यापीठाकडे विचारणा गेली. उत्तर आलं, नाही. मुलींना परीक्षेला बसू देणं तेव्हाच्या नियमात बसत नव्हतं. पुढे आठ वर्षांनी, १८८३ मध्ये, मुंबई विद्यापीठाने बायकांना दार उघडलं. त्या बेळगावच्या मुलीला त्याचा उपयोग झाला का, ते आम्हाला कुठे वाचायला मिळालं नाही. पण तिने विचारलं होतं. विचारणारी कोणी नसती तर नियम चुकीचा आहे हे कोणाला सुचलंही नसतं.

दार उघडल्यावर पाच वर्षांत एक मुलगी त्यातून बाहेर पडली, ती कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या. सगळी मुलं आणि त्यात ही एक मुलगी. मुलं वर्गाची दारं तोंडावर लावून घेत, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. १८८८ मध्ये त्या पहिल्या वर्गात पास झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या पदवीधर बाई. त्यांच्या नंबराला विलायतेला शिकायला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. पण ती शिष्यवृत्ती बाईला देता येत नाही असं ठरलं. मग विलायतेतल्या काही लोकांनी पैसे गोळा केले, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, आणि १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला गेल्या.

तिथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. १८९२ मध्ये शेवटची परीक्षा आली. अडचण अशी की तोपर्यंत कोणत्याही बाईने ती परीक्षा दिली नव्हती. परीक्षकांना बाईची परीक्षा घ्यायची नव्हती. मुलींच्या कॉलेजात वेगळं बसून पेपर लिहा, असा मार्ग सुचवला गेला. कॉर्नेलिया त्याला तयार झाल्या नाहीत. सगळ्यांबरोबर, त्याच हॉलमध्ये बसणार, नाहीतर उद्या या परीक्षेला कोणी परीक्षा मानणार नाही, असं त्यांचं म्हणणं. परीक्षा तोंडावर आली तरी बसायला मिळणार की नाही हेच ठरत नव्हतं. शेवटी विद्यापीठाने खास ठराव केला आणि त्या हॉलमध्ये गेल्या.

आता निकाल ऐका. त्यांना तिसरा वर्ग मिळाला. हो, थर्ड क्लास. पुण्यात पहिला वर्ग मिळवणाऱ्या बाईला ऑक्सफर्डमध्ये तिसरा. त्यांना वाईट वाटलंच असणार. त्यातून पदवीही हातात मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नसे. ती मिळाली तीस वर्षांनी, १९२२ मध्ये. पण त्या तीस वर्षांत त्या घरी बसल्या नव्हत्या. इथे येऊन त्यांनी मुंबईची एलएलबीची परीक्षा दिली. पुढे सरकारी नोकरी मिळवून बंगाल-बिहारकडच्या पडद्यातल्या विधवांच्या आणि पोरक्या मुलांच्या मालमत्तेसाठी त्या वर्षानुवर्षं झगडल्या. इंग्रजांच्या राज्याची त्यांनी बाजू घेतली, त्यांची ती मतं आपल्याला पटायची नाहीत. पण पडद्याआडच्या ज्या बायकांच्या जमिनी वाचल्या, त्यांनी ह्या बाईला कितवा वर्ग मिळाला होता असं कधी विचारलं असेल का?

तिसरी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. ती तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे, तरी पुन्हा ऐका, कारण ती आज आपण बायांच्या बाजूने बघणार आहोत. परळच्या चाळीतली एक खोली. त्यात स्वयंपाक, त्यातच झोपणं, जातं तिथेच, शेळीही तिथेच. अशा खोलीत अभ्यास करायचा कसा? वडील, रामजी सुभेदार, मुलाला लवकर झोपवायचे आणि रात्री दोन वाजता उठवायचे. सगळं घर, सगळी चाळ झोपलेली. तेवढीच शांतता. दिव्याच्या उजेडात भीमराव अभ्यास करायचा.

आणि पुस्तकं? पेन्शन पुरायची नाही. मुलाने नवं पुस्तक मागितलं की रामजी सुभेदार लग्न झालेल्या मुलींच्या घरी जायचे. एकीकडे पैसे नसले तर दुसरीकडे. पैसे नसले तर अंगावरचा दागिना मागायचे, तो गहाण ठेवायचे आणि पुस्तक आणायचे. पेन्शन आली की दागिना सोडवून परत. बाबासाहेबांनी पुढे वडिलांची ही आठवण सांगितली आहे.

आमच्या गटात रोज कोणाचं ना कोणाचं डोरलं गहाण पडतं नि सुटतं. त्यामुळे ही गोष्ट वाचताना आमच्या डोळ्यांपुढे त्या बहिणीच आल्या. सासरी नांदणारी बाई, अंगावर असलेला एखादा दागिना, तो भावाच्या पुस्तकासाठी काढून देते. सासूला काय सांगितलं असेल तिने? नवऱ्याला काय? परीक्षेला बसलेल्या मुलाचं नाव इतिहासात राहिलं, त्या दागिन्याचं राहिलं नाही.

१९०७ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. मार्क किती? ७५० पैकी २८२. शंभरात धरले तर अडतीसही नाहीत. त्या काळी मार्क हात राखून मिळायचे, आजच्या मार्कांशी त्याची तुलना करता येणार नाही हे खरं. पण तेव्हाही हा काही वरचा नंबर नव्हता. तरी वस्तीने त्याचा सत्कार केला. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. कोणी म्हणालं नाही की २८२ च का. एका मोठ्या बंद दारातून एक मुलगा आत गेला होता, लोकांना त्याचं अप्रूप होतं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, मुंबईची बीए, मग अमेरिका, मग लंडन. तिथेही सगळं सरळ झालं नाही. लंडनमध्ये डॉक्टरेटसाठी दिलेला प्रबंध परीक्षकांनी सुधारून पुन्हा लिहायला सांगितला. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला. आज ज्या घरात लेकरू रडतंय, "साठच टक्के पडतील गं आई," त्या घरातल्या आईने २८२ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

मैत्रिणींनो, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावर आमच्या लक्षात आलं की आपण धीराचा हिशेब चुकीचा मांडत होतो. आपण धीर शेवटच्या दिवशी मागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री लेकराच्या डोक्यावरून हात फिरवतो, "घाबरू नको, तुला येतंय सगळं" म्हणतो. हे म्हणजे गटात वर्षभर शंभर रुपये टाकायचे नाहीत आणि लग्न आठ दिवसांवर आल्यावर सावकाराच्या दारात जायचं, तसंच झालं. सावकार पैसे तरी देईल. धीर असा उसना मिळत नाही. तो दर आठवड्याला थोडा थोडा टाकावा लागतो, आणि एकटीने टाकला तर कमी पडतो.

म्हणून यंदा आमच्या गटाने काय केलं ते सांगतो.

दिवाळी झाल्यापासून दर मंगळवारी समाजमंदिरात तीन तास पेपर लिहायला बसतो. घड्याळ लावून, मध्ये उठायचं नाही, मोबाईल बाहेर. पहिल्या मंगळवारी तिघींपैकी एकीलाही पेपर पुरा करता आला नाही. येत नव्हतं म्हणून नाही. हातच चालेना. खुरपं धरणारा हात वेगळा आणि तीन तास पेन धरणारा हात वेगळा. आता तिघीही वेळेत संपवतात. घरच्या मुलांचंही हेच असतं. वाचून झालेलं असतं, लिहून झालेलं नसतं, आणि भीती नेमकी त्या फटीतून आत येते.

दुसरं, केंद्र बघून आलो. रविवारी सगळ्या जणी एसटीने गेलो. फाटक कुठे, पाणी कुठे, बाईमाणसांसाठी सोय कुठे, गाडी किती वाजता मिळते, सगळं पाहिलं. त्या फाटकात आम्ही वहिनीला उभं केलं आणि एकीने शिपायाचं सोंग घेतलं, "पोरीला सोडायला आलायसा का?" वहिनीने पिशवीतून हॉल तिकीट काढल्यासारखं करून दाखवलं आणि म्हणाली, "न्हाई, मीच बसणार हाय." चार वेळा करून घेतलं. पहिल्या दोन वेळा तिचा आवाज निघाला नाही. चौथ्या वेळी आम्ही सगळ्या हसलो आणि तीही हसली. हो, वहिनी यंदा पुन्हा बसतेय.

तिसरं, अडलं तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवलंय. पेपर हातात आला की पाच मिनिटं नुसता वाचायचा. जे नक्की येतं ते आधी लिहायचं. डोकं एकदम कोरं झालं तर पेन खाली ठेवायचं, पाण्याचा एक घोट घ्यायचा, सावकाश दहा श्वास मोजायचे आणि जे सगळ्यात सोपं वाटतं त्याकडे जायचं. झालेल्या पेपरची उत्तरं बाहेर येऊन जुळवत बसायची नाहीत. भाकरी भाजल्यावर ती पुन्हा मळता येत नाही. उद्याचं पीठ बघायचं.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते परीक्षा न देणाऱ्या बायांसाठी आहे. गटात ठराव केला. पेपरच्या दिवसांत या तिघींच्या घरचं काम वाटून घ्यायचं. कोणाची म्हैस कोण पिळणार, कोणाच्या सासऱ्यांना गोळ्या कोण देणार, दुपारची भाकरी कोणाकडून जाणार, सगळं नावानिशी ठराव वहीत लिहिलंय. एकीची सासू आधी कुरकुरत होती. मग म्हणाली, "माझ्या घरची चूल दुसरी कशाला पेटवंल? मी हाय की." तिचं नाव आम्ही वहीत पहिलं लिहिलं. बाबासाहेबांच्या बहिणींनी दागिने काढून दिले, आपल्याला तर नुसता एक वेळचा स्वयंपाक द्यायचाय.

आणि पाचवं, निकालाच्या दिवसाचं आत्ताच बोलून ठेवलंय. पास व्हायला ३५ लागतात. एखादा विषय राहिला तर पुरवणी परीक्षा असते, ती द्यायची. नापास झालेल्या बाईच्या घरी त्या संध्याकाळी गट जाणार, चहा घेणार आणि पुढचा फॉर्म कधी भरायचा ते विचारणार. हे आधी सांगून ठेवल्यावर तिघींच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आम्ही पाहिला.

मुलांच्या आयांना एक सांगणं आहे. लेकराचं जेवण तुटलं, झोप तुटली, ते कोणाशी बोलेनासं झालं, किंवा मरणाची भाषा करायला लागलं, तर ती नाटकं समजू नका. त्याला एकटं सोडू नका. जवळ बसा, ऐकून घ्या, शाळेतल्या बाईंशी बोला, सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. परीक्षा दरवर्षी येते. लेकरू एकदाच येतं. आणि शेजारणीच्या पोराच्या मार्कांचं नाव या महिन्यात घरात काढायचंच नाही, एवढा नियम तरी आजपासून करा.

आमच्या तिघी पास होतील की नाही, हे आज आम्ही सांगू शकत नाही. गणिताची धास्ती अजून आहे. वहिनी परवाच म्हणाली, "भ्या वाटतंयच." आम्ही विचारलं, मग? ती म्हणाली, "मग काय? भ्याला संगं घिऊन जायचं. गाडीत जागा हाय की."

पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही सगळ्या जाणार आहोत. तिघी आत जातील, आम्ही फाटकाबाहेर लिंबाखाली बसू. तुमच्या गावातलीही कोणी बाई यंदा बसणार असेल तर तिला एकटी सोडू नका. फाटकापर्यंत जा. जमलं तर त्या मंगळवारी आमच्या समाजमंदिरात या, पेपर लिहायला किंवा नुसतं बघायला. घड्याळ तेवढं आपापलं आणा, आमच्याकडे एकच आहे.